कामाला काम, पगार मात्र कमी

नव्या भरतीतल्याला आपल्याहून जास्त पगार आहे हे कळलं, की पोहे-जलेबीही गोड लागत नाही. आमच्या सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात हे नेहमीचंच: नव्याला बाजारभाव, जुन्याला टक्केवारी.

मुंबईच्या ऑड्री डिकोस्टा मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत स्टेनोग्राफर होत्या. तेच काम करणाऱ्या पुरुष स्टेनोंना पगार जास्त. १९७७ मध्ये नोकरी गेल्यावर त्यांनी १९७६ च्या समान वेतन कायद्याखाली फरकाची रक्कम मागितली. कंपनी म्हणाली, युनियनशी करार झालाय, शिवाय परवडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये दोन्ही सबबी फेटाळल्या. तोवर दहा वर्षं गेली, हेही खरंच!

तो कायदा स्त्री-पुरुष भेदापुरता होता. खासगी नोकरीत दोन पुरुषांच्या पगारातली तफावत त्यात बसत नव्हती. तिथे आपणच बोलायचं. पण बाईंसारखं, कामाशी काम ताडून. घराचा हप्ता वाढला, हे साहेबाला सांगून उपयोग नाही. सहकाऱ्याचं नावही घेऊ नका, त्याने आकडा विश्वासाने सांगितलेला असतो. आणि बोलायचं ते अप्रेजलच्या दोन-तीन महिने आधी. बजेट ठरल्यावर साहेबाच्याही हातात फारसं काही उरत नाही.