तोच तो ग्लोर्फिंडेल
परवा रात्री साडेअकराला भाचीचा फोन. “मावशी, ग्लोर्फिंडेल इथे मरतोय! मग फ्रोडोला घोडा दिला तो कोण?” ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ संपवून ती टॉल्किनच्या ‘सिल्मरिलियन’कडे वळली होती. गोंडोलिन हे एल्फांचं नगर पडतं तेव्हा सोनेरी केसांचा हा एल्फ बॅलरॉग या अग्निदानवाशी झुंजत दरीत कोसळतो. गरुडांचा राजा त्याचं प्रेत वर आणतो, त्यावर दगड रचतात आणि त्या ओसाड जागी पिवळी फुलं उमलतात. खरं सांगते, सारख्या दिसणाऱ्या दोन पात्रांना एकच ठरवण्याची वाचकांची हौस मला पटत नाही. ‘हॅरी पॉटर’मधला रॉन म्हातारा होऊन डम्बलडोर होतो म्हणे! अशाने दोन जिवंत माणसं गमावून हाती एकच उरतं. पण ग्लोर्फिंडेल एकच आहे, आणि तसाच हवा. टॉल्किनने तरुणपणीच्या कथेतलं ते नाव पुढे पुन्हा वापरलं, आणि अगदी अखेरच्या दिवसांत, १९७२च्या सुमारास, त्याचा छडा लावायला बसला: हा मेला, त्याला नवा देह मिळाला आणि तो परत पाठवला गेला. ही टिपणं १९९६मध्ये छापून आली. नुसत्या नावाच्या जुळणीतून त्याने मरणाची किंमत मोजलेला माणूस घडवला. भाचीला म्हटलं, नदीच्या उताराचा प्रसंग पुन्हा काढ. काळे स्वार अंगावर येत असताना जखमी फ्रोडोला पलीकडे एक लखलखती शुभ्र आकृती दिसते ना, तो हाच.