उभ्या गाडीची बॅटरी

दशलक्षण पर्व संपलेले असते, क्षमावाणीसाठी आप्तांकडे निघायचे असते, घरातील सर्वजण तयार होऊन अंगणात येतात आणि किल्ली फिरविताच गाडी केवळ टक् टक् असा आवाज करून मौन धारण करते. मनीषनगरातील अनेक घरांना हा अनुभव नवा नाही. चातुर्मासात कोणी वाहनाचा त्याग करतो, कोणी दिशांची मर्यादा घेतो, मंदिरात पायीच जाणे होते. व्रत उत्तम पाळले जाते. दारातील गाडीला मात्र नकळत उपवास घडतो. मुले पुण्यात किंवा बंगळुरूत आणि ज्येष्ठ दांपत्य येथे, अशा घरांत तर गाडी वर्षभर बहुतेक उभीच असते.

गाडी बंद असली तरी बॅटरीतील खर्च थांबत नाही. घड्याळ, रिमोट कुलूप, चोरीची सूचना देणारा अलार्म, इंजिनाचा संगणक यांना अल्प विद्युतप्रवाह अखंड लागतो. तो केवळ ०.०३ अँपिअर धरला तरी दिवसाला ०.७२ आणि तीस दिवसांत २१.६ अँपिअर-तास इतका होतो. लहान गाडीची बॅटरी पुष्कळदा ३५ अँपिअर-तासांची असते, आणि तीही नवी असेल तेव्हा. म्हणजे जमा काहीच नाही, किरकोळ नावे रोज पडत आहेत आणि खाते महिन्याभरात किमान शिलकीच्या खाली, असा हा हिशेब आहे. पूर्ण भारित बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. १२ व्होल्टला ती जवळजवळ रिती झालेली असते. इंजिन चालू असताना अल्टरनेटर, ज्याला जुनी मंडळी अजूनही डायनामोच म्हणतात, साधारण १४ व्होल्टने भरणा करीत असतो. घरापासून मंदिरापर्यंतच्या एका किलोमीटरात हा भरणा फारसा होत नाही. रामटेकच्या शांतिनाथ भगवंतांच्या दर्शनाला जाऊन यावे, म्हणजे बॅटरीलाही पुरेसे मिळते.

नागपूरचा उन्हाळा हे दुसरे कारण. उष्णतेने बॅटरीतील रासायनिक क्रिया वेगाने होतात, पाणी आटते, शिशाच्या जाळ्या झिजतात. मे महिन्यात झालेली ही हानी त्या वेळी दिसत नाही. डिसेंबरच्या थंड पहाटे, जेव्हा घट्ट झालेले तेल फिरविण्यास अधिक जोर लागतो, तेव्हा ती उघडी पडते आणि दोष थंडीला दिला जातो.

शिसे व आम्ल यांची बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये सिद्ध केली. मोटारीत मात्र तिच्या बळावर इंजिन सुरू करण्याची सोय अमेरिकेत १९१२ च्या कॅडिलॅक गाडीपासून आली. तोवर पुढे उभे राहून हातानेच हँडल मारावे लागे. आपल्याकडे मोटार घडविण्याचे स्वप्न पाहणाऱ्यांत सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ मध्ये जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद अग्रणी होते. त्यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट आणि पुढे पद्मिनी समाजातील कित्येक घरांत होती. तिची बॅटरी उतरली की गल्लीतील चार मुले धक्का मारीत, चालक दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडी आणि गाडी धुराचा लोट सोडून निघे. आजच्या गाडीला हा उपाय करू नये. स्वयंचलित गिअरची गाडी धक्क्याने सुरू होत नाही, आणि इतर गाड्यांतही न जळलेले इंधन धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत जाऊन ती बिघडू शकते. बॅटरी पूर्ण रिती असेल तर इंजिनाचा संगणकच जागा होत नाही, मग धक्का व्यर्थच.

उरतो तो शेजारधर्म: दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून उसनवार. त्यापूर्वी एक गोष्ट आपल्या समाजाला वेगळी सांगावी लागू नये. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटखाली मांजरीची पिले, खार, उंदीर, मुंग्यांची रांग हमखास आढळते. त्यास जयणा म्हणा वा यत्नाचार म्हणा, बॉनेट उघडून, चाकांखाली वाकून नीट पाहिल्याशिवाय किल्लीला हात लावू नये.

दोन्ही गाड्या १२ व्होल्टच्याच असाव्यात. ट्रकची व्यवस्था बहुधा २४ व्होल्टची असते, तिच्याकडून घेऊ नये. विजेवर चालणाऱ्या किंवा हायब्रिड गाडीकडून घेण्याआधी तिची पुस्तिका पाहावी. बॅटरी फुगलेली, तडकलेली वा गळत असेल तर येथेच थांबून मेकॅनिकला बोलवावे. गाड्या जवळ, परंतु एकमेकींना न टेकता उभ्या कराव्यात; दोन्ही बंद, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, दिवे व एसी बंद. हातातील अंगठी, कडे, बांगड्या काढून ठेवाव्यात.

आता क्रम. लाल केबलचे एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला, दुसरे चांगल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला. काळ्या केबलचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या ऋण टर्मिनलला आणि शेवटचे टोक बंद पडलेल्या गाडीच्या इंजिनावरील रंग नसलेल्या धातूच्या भागाला, बॅटरीपासून दूर. हे शेवटचे टोक बॅटरीलाच का लावू नये, असा प्रश्न नेहमी येतो. शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते, आणि बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो. ठिणगी व वायू यांची गाठ पडली तर बॅटरी फुटून आम्ल चेहऱ्यावर उडते. डोळ्यांत आम्ल गेल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने सतत धुवावे व तत्काळ डॉक्टर गाठावा. धन-ऋणाची अदलाबदल झाली तर हजारो रुपयांचा संगणक क्षणात जातो. म्हणून अंधारात अंदाजाने काही जोडू नये.

मग चांगली गाडी सुरू करून चार-पाच मिनिटे चालू ठेवावी. जागेवर इंजिन चालविणे एरवी अनर्थदंडच, पण येथे त्याला प्रयोजन आहे. नंतर बंद गाडीला सेल्फ मारावा, एका वेळी पाच-सात सेकंदांहून अधिक नाही. ती सुरू झाली की केबल उलट क्रमाने काढाव्यात आणि अर्धा-पाऊण तास गाडी प्रत्यक्ष चालवावी. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या केबलमध्ये पुष्कळदा आवरण जाड व तार बारीक असते. ती तापते आणि डिझेल गाडीला तर पुरतच नाही. केबल एकदाच, पण चांगली घ्यावी.

हे सर्व दिवसाच्या उजेडात, वेळ हाताशी असताना. रात्री दीड वाजता छातीत दुखू लागले आणि गाडी सुरू होत नसेल, तर शेजाऱ्याला उठवावे ते त्याच्या गाडीतून जाण्यासाठी किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलविण्यासाठी. केबल शोधण्यासाठी नव्हे. घरात दोघेच राहत असतील तर ही कृती पत्नीनेही एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावी. आजारी पडण्याचा मान प्रत्येक वेळी पत्नीलाच मिळेल, असे नाही.

उधारीच्या शक्तीने सुरू झालेली गाडी दुसऱ्या दिवशी पुन्हा अडली, तर बॅटरीची दुकानात तपासणी करून घ्यावी. तीन-चार उन्हाळे काढलेली असेल तर बहुधा बदलावीच लागते. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नये. ती उघड्यावर फोडली की शिसे व आम्ल मातीत आणि पाण्यात उतरते, आणि त्याने किती जीवांची हानी होते याची गणती नाही. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. नवी घेताना जुनी विक्रेत्याकडेच द्यावी, त्याचे पैसेही वजा होतात. बिलावर खरेदीची तारीख व हमीची मुदत लिहून घेण्यास विसरू नये, आणि ते बिल गाडीच्या कागदांसोबतच ठेवावे.