पिसांचा बाजार आणि दंतवाणिज्य

श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य येते. हस्तिदंत, नखे, कातडी यांसारख्या प्राण्यांच्या अवयवांचा हा व्यापार. बाराव्या शतकातील आचार्य हेमचंद्रांच्या ‘योगशास्त्रा’तही कर्मादानांचे विवेचन आहे. शस्त्र हाती न घेताही केवळ खरेदीने हिंसा घडते, हे त्यामागील मर्म.

हेच मर्म अमेरिकेला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उमगले. स्त्रियांच्या टोप्यांवर बगळ्यांचे तुरे मिरवण्याची तेव्हा फॅशन होती. हे तुरे विणीच्या काळातच फुटतात. त्यामुळे पक्षी मारला की घरट्यातील पिल्लेही उपाशी मरत. निसर्गअभ्यासक जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८८६ मध्ये ऑड्युबॉन सोसायटी स्थापन केली. १८९६ मध्ये बोस्टनच्या हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल यांनी प्रतिष्ठित स्त्रियांना पिसे न वापरण्याचे आवाहन केले. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या वन्यजीवांचा राज्याराज्यांतील व्यापार गुन्हा ठरवला. कायद्याने शिकाऱ्यामागचा बाजारही गाठला.

मुंबईत १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ निसर्गप्रेमींनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी वैद्यक होते. संस्थेच्या सुरुवातीच्या सभासदांत शिकारीही बरेच होते. पण त्यांच्या नोंदींतूनच वन्यजीवांचे शास्त्रीय ज्ञान साठत गेले आणि पुढे त्याचा उपयोग रक्षणासाठी झाला. १९०२ मध्ये हिंदुस्थान सरकारने पक्ष्यांच्या पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली.

हा इतिहास मुकुटबनला दूरचा वाटू नये. एप्रिल २०२१ मध्ये याच वनपरिक्षेत्रात एका गुहेत गर्भवती वाघीण मारलेली आढळली. तिचे पंजे कापून नेलेले होते. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा असतानाही हे घडले, कारण नखांना आणि दातांना अंधश्रद्धेच्या बाजारात आजही गिऱ्हाईक मिळते.

कायद्याचा पहारा जंगलात असतो. बाजारातला पहारा व्यापाऱ्याच्या विवेकाचा. सोन्यात मढवण्यासाठी कोणी वाघनख पुढे केले, तर त्याला स्पष्ट नकार देणे आणि वनविभागाला कळवणे, हेच आजच्या काळातील दंतवाणिज्याचे प्रत्याख्यान होय. पांजरपोळीला दिलेले दान वहीत दिसते. अशा नकाराची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. तरी जीवदयेच्या हिशेबात ती जमेलाच धरली पाहिजे.