नायजरचे युरेनियम आणि फ्रान्सची वीज

जून 2025 मध्ये नायजरच्या (नायजेरिया नव्हे, त्याचा उत्तरेकडचा शेजारी) लष्करी सरकारने 'सोमाइर' ही युरेनियम कंपनी सरकारजमा केली. तिच्यात फ्रान्सच्या 'ओरानो'चा सुमारे 63 टक्के हिस्सा होता.

नायजर 1960 साली स्वतंत्र झाला, पण आर्लितच्या खाणी 1971 पासून फ्रेंच कंपन्यांच्याच हाती चालल्या. फ्रान्सची निम्म्याहून जास्त वीज अणुभट्ट्यांतून येते. त्यांना वर्षानुवर्षे इंधन पुरवणाऱ्या नायजरमध्ये आजही जेमतेम पाचातल्या एकाच्या घरी वीज आहे. शेजारची अकूता खाण 2021 मध्ये बंद झाली. मागे उरला सुमारे दोन कोटी टन किरणोत्सारी कचरा, तोही वस्तीच्या जवळच. हा खर्च युरेनियमच्या भावात कुणी धरला होता?

नायजरची बहुतेक जनता मुस्लिम आहे, तेव्हा आपण खूश व्हायला हवं, असं काही जण म्हणतात. खाण परत घेणं आम्हालाही रास्त वाटतं. पण हेच जनरल जुलै 2023 मध्ये निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष मोहम्मद बझूम यांना कैद करून सत्तेवर बसले. आता पैसा पॅरिसऐवजी नियामेत जमा होईल. त्यातला किती आर्लितपर्यंत पोहोचतो, हे विचारायला तिथे निवडून आलेली संसदच उरलेली नाही.