चिठ्ठी नको, जाब विचारा!

बोरगाव मेघेच्या समस्त मतदार बंधू-भगिनींना जाहीर आवाहन



सरकारी काम अडलं की आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो, "साहेबांची चिठ्ठी आण." कुणाचा उत्पन्नाचा दाखला अडतो, कुणाचा फेरफार, कुणाच्या म्हाताऱ्या आईचं अनुदान. मग आपण मजुरीचा दिवस पाडून एखाद्या जनसंपर्क कार्यालयात जाऊन बसतो. तिथला कार्यकर्ता लेटरहेडवर चार ओळी टाइप करून देतो. तो कागद आपण पासबुकाच्या पिशवीत जपून ठेवतो आणि खिडकीशी नेऊन देतो. बोरगावकरांनो, ही चिठ्ठी मागणं आता बंद करू या. लोकप्रतिनिधीकडे जरूर जाऊ, मान ताठ ठेवून जाऊ, पण त्यानं आपल्या वतीनं जाब विचारावा म्हणून जाऊ.

आमच्या ओळीत राहणाऱ्या एका आजींचं दरमहाचं अनुदान मध्येच थांबलं. बँकेत विचारलं तर "वरूनच पैसे नाही आले." कार्यालयात गेल्या तर खिडकीतून उत्तर आलं, "आजी, नाव जुळून नाही राहिलं. बँकेतच जा." आधार कार्डावर नवऱ्याचं नाव पूर्ण आणि पासबुकावर नुसतं आद्याक्षर, एवढाच काय तो घोळ. तो दुरुस्त करून आणला तर यादी आधीच वर गेलेली. शेवटी शेजाऱ्यांनी धावपळ करून चिठ्ठी मिळवून दिली. "सदर अर्जदार माझ्या परिचयाच्या असून त्यांचे काम नियमानुसार व्हावे, ही विनंती." बाबूनं ती वाचली, टाचणीनं फाइलला लावली आणि म्हणाला, "ठेवा, पाहतो." त्यानंतर पुढचे कित्येक महिने आजी उसनवारीवर औषधं घेत होत्या.

त्या चिठ्ठीवर जावक क्रमांक नव्हता. कार्यालयानं ती घेतल्याची पोच नव्हती. अर्ज कोणत्या तारखेचा, तो कोणाच्या टेबलावर पडला आहे, उत्तर कधीपर्यंत द्यायचं, यातला एक शब्दही तिच्यात नव्हता. मुळात आजींच्या पहिल्या अर्जाचीच पोच कुणी दिली नव्हती आणि कुणी मागितलीही नव्हती. कार्यालयाचं किंवा चिठ्ठी देणाऱ्याचं नाव आम्ही इथे घेत नाही, कारण हे एका माणसाचं किंवा एका पक्षाचं पाप नाही. सगळ्या पक्षांची लेटरहेडं हेच लिहितात. आणि "माझ्या परिचयाच्या असून" असं लिहिल्यावर जिचा कुणाशीच परिचय नाही त्या बाईनं कुठे जावं?

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्क अधिनियम लागू आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत देणं हे त्यानुसार कर्मचाऱ्यावर बंधनकारक आहे. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत 15 दिवसांची आहे. अर्ज नाकारायचा असेल तर कारण लेखी द्यावं लागतं. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला, तर 30 दिवसांत त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील करता येतं. तिथे दाद लागली नाही तर दुसरं अपील आणि त्यानंतर थेट राज्य सेवा हक्क आयोग. विनाकारण काम अडवणाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. त्याआधीचा एक कायदा आहे, ज्याला सगळे दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. 2005 चा हा कायदा 1 जुलै 2006 पासून लागू झाला, आणि त्यासाठी अण्णा हजारेंना उपोषणाला बसावं लागलं होतं. कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या 7 दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये, असं त्याच्या दहाव्या कलमात लिहिलं आहे. जाणूनबुजून केलेल्या दिरंगाईसाठी शिस्तभंगाची कारवाई सांगितली आहे.

म्हणजे फाइल कधी हलावी याचं घड्याळ कायद्यानंच लावून दिलेलं आहे. चिठ्ठी घेऊन गेलो की आपण स्वतःच ते घड्याळ बंद करतो. आपला अर्ज बाजूला राहतो आणि पुढे येते साहेबांची विनंती. विनंतीला ना मुदत असते, ना अपील.

याचा पुरावा सरकारनंच दिला आहे. 20 नोव्हेंबर 2025 रोजी राज्य शासनानं आमदार-खासदारांना द्यायच्या सन्मानाबद्दल शासन निर्णय काढला. लोकप्रतिनिधी कार्यालयात आले की अधिकाऱ्यानं जागेवरून उठून अभिवादन करावं, असं त्यात आहे. आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. लोकप्रतिनिधींच्या पत्रांसाठी प्रत्येक कार्यालयात वेगळी नोंदवही ठेवायची आणि पत्राला दोन महिन्यांत उत्तर द्यायचं. दोन महिने! ज्या दाखल्यावर तुमचा 15 दिवसांत हक्क आहे, त्याच्यासाठी चिठ्ठी नेली तर तिच्या उत्तरालाच 60 दिवस. साहेब आल्यावर अधिकारी उभा राहिला की बसून राहिला, याच्याशी बोरगावच्या विधवेला, निराधाराला, शेतमजुराला काही देणंघेणं नाही. ही माणसं तर दोन तास खिडकीशी उभीच असतात. मात्र त्या नोंदवहीशी आपल्याला देणंघेणं आहे. आपल्यासाठी लिहिलेलं पत्र त्या वहीत कोणत्या क्रमांकावर चढलं, हे विचारायचा आपला हक्क आहे.

यावर कुणी म्हणेल, मग लोकप्रतिनिधी हवाच कशाला, ज्यानं त्यानं अपील करावं. हे बोलणं ज्याच्याकडे वेळ, शिक्षण आणि पैसा आहे त्याला शोभतं. सकाळी मजुरीवर जाऊन संध्याकाळी परतणारा माणूस तीन-तीन अपिलं कशी लढणार? त्याला आपल्या बाजूनं बोलणारा माणूस हवाच, आणि मत देऊन तो आपण निवडला आहे. आमचं भांडण एवढंच आहे की त्यानं उपकार करू नयेत, काम करावं. आमदाराच्या हातात लेटरहेडपेक्षा कितीतरी धारदार हत्यारं आहेत. विधानसभेत तारांकित प्रश्न विचारता येतो, लक्षवेधी मांडता येते, आश्वासन समितीकडून मंत्र्याच्या जुन्या आश्वासनाचा हिशेब घेता येतो. विनंती अर्ज समितीपुढे गावकऱ्यांचा अर्ज ठेवता येतो, आणि तो सदस्यामार्फतच सादर होतो. नागपूर करारानुसार दरवर्षी एक अधिवेशन नागपुरात भरतं, म्हणजे आपल्यापासून जेमतेम 75 किलोमीटरवर. एका आजीचं नाव जुळलं नाही, हे तहसिलातलं काम झालं. पण आद्याक्षराच्या घोळापायी जिल्ह्यात किती म्हाताऱ्यांचे पैसे अडले, हा सभागृहातला प्रश्न आहे. त्याचं उत्तर छापील मिळतं आणि मंत्र्याला द्यावं लागतं.

हे होऊ शकतं, महाराष्ट्रात झालेलं आहे. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. दुष्काळी भागात हाताला काम मागणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी एकेक शिफारस लिहून दिली असती, तर शे-दोनशे घरं तेवढी तगली असती. त्यांनी 1965 मध्ये सांगली जिल्ह्यात तासगावला प्रयोग केला. 1972 च्या दुष्काळात तीच योजना राज्यभर नेली गेली आणि 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. काम मागितल्यावर ठरल्या मुदतीत काम, नाहीतर बेकारी भत्ता. पुढे 2005 मध्ये देशाच्या कायद्यानं हीच वाट धरली. एका माणसाची तक्रार लाखोंचा हक्क कसा होतो, हे आपल्याच राज्यातल्या एका लोकप्रतिनिधीनं दाखवलं आहे. आजच्या प्रतिनिधींकडून त्याच्या दहाव्या हिश्श्याची अपेक्षा करणं काही जास्त नाही.

तक्रारीचा आणखी एक दरवाजा पाहा. ब्रिटनमध्ये 1967 पासून सरकारी खात्यांच्या गैरकारभाराची तक्रार ऐकायला स्वतंत्र आयुक्त आहे आणि तिथे नागरिकाची तक्रार खासदाराच्या हातून जावी लागते. आपल्याकडे अशीच तक्रार ऐकणाऱ्या लोकायुक्ताचा कायदा 1971 मध्येच झाला आणि तिथे तक्रारीला कुणा लोकप्रतिनिधीची सही लागत नाही. आपला दरवाजा जास्त उघडा असूनही आपण चिठ्ठीसाठी थांबतो.

आपल्या गावाची अडचण आणखी एका कारणानं वाढते. बोरगाव मेघे वर्धा शहराला चिकटून आहे, रोजचं जगणं शहरातलं आहे, पण कारभार ग्रामपंचायतीचा. लेआउटमधला रस्ता कुणाचा, नाली कुणाची, नळाच्या तक्रारीला कुठे जायचं, हे विचारलं की प्रत्येक जण शेजारच्या कार्यालयाकडे बोट दाखवतो. अशा वेळी जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचा सदस्य हा आपला हक्काचा माणूस. आणि नेमका तोच गायब झाला. मार्च 2022 मध्ये मुदत संपली, प्रशासक बसले आणि आरक्षणाच्या वादात निवडणुका तीन वर्षांहून अधिक काळ लांबल्या. त्या काळात गावकऱ्याची प्रत्येक लहानमोठी तक्रार एकदम आमदाराच्या दारात जाऊन पडली, आणि तिथल्या गर्दीत चिठ्ठ्यांचा पाऊस पडला. हा दोष गावकऱ्यांचा नाही. पण त्याची किंमत गावकऱ्यांनीच मोजली.

म्हणून आमची मागणी सर्वांना सारखीच आहे. वर्ध्याचे आमदार आणि राज्यमंत्री डॉ. पंकज भोयर असोत, खासदार अमर काळे असोत, आपले सरपंच आणि वॉर्डातले सदस्य असोत. जनसंपर्क कार्यालयात तक्रारींची वही ठेवा. आलेल्या माणसाला क्रमांक आणि तारीख द्या. पत्रात "परिचयाच्या" हा शब्द नको. मूळ अर्जाची तारीख, कायद्यानं ठरलेली मुदत आणि ती किती दिवसांनी ओलांडली, एवढं लिहा. त्या पत्राची प्रत अर्जदाराच्या हातात द्या आणि आलेलं उत्तरही त्याला दाखवा. वर्षातून एकदा गावात येऊन किती तक्रारी आल्या, किती मिटल्या आणि कोणत्या कार्यालयात किती अडल्या, ते माइकवर वाचून दाखवा. कार्यकर्त्यांची फौज बॅनर लावू शकते, तर वहीही लिहू शकते.

आपल्या बाजूनं आपणही काही करायचं आहे. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका. "पोच नाही मिळत" असं कुणी म्हटलं तर अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा. "आपले सरकार" पोर्टलवर अर्ज केला असेल तर अर्ज क्रमांक वहीत उतरवून ठेवा, सेतूवाल्याच्या मोबाइलवर सोडू नका. मुदत टळली की दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात एवढंच विचारा: माझा अर्ज आजवर कोणत्या तारखेला कोणाकडे गेला? कागदोपत्री उत्तर द्यायची वेळ आली की फाइल सापडते. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांचा आणि तिसऱ्या सोमवारी तालुक्याचा लोकशाही दिन असतो. तिथे एकेकटे जाऊ नका. एकाच प्रकारची कामं अडलेले पाच-दहा जण मिळून जा.

आणि ग्रामसभेला या. आपल्याएवढ्या गावाला कोरमसाठी 100 मतदार लागतात. तेवढेही जमत नाहीत, मग सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही. ठराव मग मोजक्या लोकांत होतात. येत्या ग्रामसभेला येताना अडलेल्या अर्जाची पोच आणि मिळालेल्या चिठ्ठीची झेरॉक्स घेऊन या. तिथे आम्ही पुढील ठराव मांडणार आहोत. सूचक-अनुमोदकांची नावं इतिवृत्तात लिहून घेऊ आणि ठरावाची प्रत आमदार, खासदार, गटविकास अधिकारी आणि जिल्हाधिकारी यांना आवक शिक्क्यानिशी देऊ:

"बोरगाव मेघे येथील नागरिकांच्या विहित मुदत उलटलेल्या सर्व अर्जांची यादी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी तयार करून दर महिन्याला फलकावर लावावी, व ती लोकप्रतिनिधींनी संबंधित कार्यालयांकडे लेखी जाब विचारण्यासाठी पाठवावी."

कळावे,
बोरगाव मेघे येथील काही मतदार

(वाचून झाल्यावर शेजाऱ्याला द्या.)