बारावीचा पेपर असता तर?

प्रिय आप्तमंडळी आणि मित्रमंडळी,



डिसेंबरात माझ्या नवऱ्याच्या वर्षश्राद्धासाठी आम्ही पुण्याला आलो. तुम्ही सगळे आवर्जून आलात, त्याच्या फोटोला हार घातलात, त्याच्या आठवणीने डोळे पुसलेत. त्याबद्दल मनापासून ऋणी आहे. हे पत्र मात्र त्यानंतर जेवताना जे बोललं गेलं त्याबद्दल आहे. ते चारचौघांत बोललं गेलं, म्हणून उत्तरही चारचौघांतच देते आहे.

"बाप जाऊन आठवडा नाही झाला, तर पोरगी बर्फावर गिरक्या घेत होती," असं कुणीतरी म्हणालं. कुणीतरी त्यात भर घातली, "आईनेच नेलं म्हणे." माझी लेक तेव्हा पंगतीत कोशिंबीर वाढत होती. ती अमेरिकेत जन्मली म्हणून तिला मराठी कळत नाही असं तुम्ही धरून चालता. तिला सगळं कळतं. तिने पुढच्या पानावर वाढलं, त्याच्या पुढच्या पानावर वाढलं आणि रात्री अंथरुणात मला विचारलं, "आई, मी बाबासाठी कमी रडले का?"

बारा वर्षांच्या मुलीच्या मनात तुम्ही हा प्रश्न घालून पाठवलात. बोस्टनला परतल्यावर कितीतरी दिवस तिने स्केटिंगच्या बुटांना हात लावला नाही. माझ्याबद्दल काय बोललात ते मी गिळलं असतं. हे गिळता येत नाही.

आपल्याच घरातली गोष्ट आहे. मामंजी गेले तेव्हा धाकट्या भाऊजींची बारावी चालू होती. घरात सुतक, अंगणात माणसं बसलेली, आणि सकाळी भाऊजींना फिजिक्सच्या पेपरला पाठवलं गेलं. सुतक असूनही आत्या, तुम्ही स्वतः त्यांच्या हातावर दही-साखर ठेवलीत आणि म्हणालात, "दादाला हेच आवडलं असतं." मी तेव्हा नवी सून होते. मला तुमचा फार आदर वाटला होता. भाऊजी पेपर देऊन आले तेव्हा सगळ्यांनी पाठ थोपटली. पोरगा खंबीर आहे म्हणालात. त्यांना बाप गेल्याचं दुःख नाही, असं त्या घरात कुणाच्या मनातही आलं नाही.

मग माझ्याच मुलीच्या वेळी ते का आलं?

1999 चा विश्वचषक तुम्हाला आठवत असेलच. 19 मेला प्रा. रमेश तेंडुलकर गेले. सचिन इंग्लंडहून मुंबईला आला, वडिलांना निरोप दिला आणि आईनेच जा म्हटलं म्हणून परत गेला. 23 मेला ब्रिस्टलला केनियाविरुद्ध नाबाद 140 काढून त्याने आभाळाकडे पाहिलं, तेव्हा महाराष्ट्रातल्या घराघरांत माणसं टीव्हीसमोर रडली. त्या आईला कुणी निर्दय म्हणालं नाही. त्या माउलीचं काळीज केवढं, असंच आपण म्हणालो, आणि बरोबर म्हणालो.

"तो देशासाठी खेळत होता," असं उत्तर मला फोनवर मिळालं. मान्य. माझी मुलगी देशासाठी खेळत नाही. ती ऑलिंपिकला जाणार नाही. आमच्या भागातल्या स्पर्धांत ती बहुतेक वेळा मधल्या कुठल्यातरी नंबरावर असते. पण परक्या देशात, विश्वचषकात, लाखो डोळ्यांसमोर उभं राहणाऱ्या सव्वीस वर्षांच्या माणसाला दुःखात आपलं काम धरून ठेवायची मुभा आहे, आणि अकरा वर्षांच्या पोरीला गावातल्या रिंकवर ती नाही, हा कुठला न्याय? खरं कारण तुम्ही बोलून दाखवत नाही, मी दाखवते. पेपर म्हणजे भविष्य, क्रिकेट म्हणजे पराक्रम, आणि मुलीने झगमगीत पोशाख घालून संगीतावर बर्फावर घसरणं म्हणजे मौज. बाप गेल्यावर मौज करायची नसते. तुमचा सगळा राग त्या पोशाखावरच्या टिकल्यांवर आहे.

तर ती मौज कशी असते ते सांगते. स्केटच्या पात्याची जाडी जेमतेम चार मिलीमीटर. त्यालाही मधोमध खोलगट चर असतो, म्हणजे उभं राहायचं ते आतल्या किंवा बाहेरच्या कडेवर. बाकीच्या सगळ्या उड्या मागे सरकता सरकता मारायच्या, एकटी अ‍ॅक्सल पुढे तोंड करून. त्यामुळे तिच्यात अर्धा फेरा जास्त पडतो. हवेत दीड फेरा आणि उतरायचं एका पायावर, मागच्या दिशेने, बाहेरच्या कडेवर. ही उडी साधेपर्यंत मुलं महिनोन् महिने आपटतात. कंबरेवर, कोपरावर, गुडघ्यावर. तिच्या मांडीवरचे काळेनिळे डाग तुम्ही पाहिले नाहीत, कारण पुण्यात ती पूर्ण सलवार घालून वावरत होती.

बाबा गेला त्या आठवड्यात घर माणसांनी भरलेलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं की चार बायका जवळ घ्यायला धावत, नाही आलं की त्याच चार बायका एकमेकींकडे बघत. रडलं तरी सगळ्यांच्या देखत, नाही रडलं तरी सगळ्यांच्या देखत. चौथ्या की पाचव्या दिवशी ती मला म्हणाली, "मला रिंकवर जायचंय." मी नेलं. होय, मीच नेलं, आणि पुन्हा नेईन. त्या सकाळी ती त्याच उडीवर पडत राहिली आणि एकदा पडली ती बर्फावरच बसून हमसून हमसून रडली. कुणी धावलं नाही. रिंकवर पडलेली मुलं रडतात, तिथे कारण विचारत नाहीत. बाकीची मुलं तिला वळसा घालून जात राहिली. रडून झाल्यावर ती उठली, मागचा बर्फ झटकला आणि पुन्हा फेरीला लागली. बापासाठी मन मोकळं करून ती पहिल्यांदा रडली ती तिथे. आमच्या हॉलमध्ये नाही.

त्या सकाळची आणखी एक गोष्ट. तिच्या बुटांच्या नाड्या नेहमी तिचा बाबा बांधायचा. ते काम वाटतं तेवढं सोपं नाही. चवड्यावर बेताची, घोट्यापाशी करकचून आणि वरच्या आकड्यांना पुन्हा जरा सैल, म्हणजे गुडघा वाकतो. त्याला तो ताण बोटांनी कळत असे. त्या दिवशी ती बाकावर पाय पुढे करून बसली, सवयीने. मी वाकले, पण मला जमेना. तेव्हा तिची प्रशिक्षिका काही न बोलता गुडघ्यावर बसली, नाड्या बांधल्या, घोट्यावर हलकेच थाप मारली आणि म्हणाली, "चल." त्या बाईला आपलं सुतक माहीत नाही, तेरावं माहीत नाही. तिने तिच्या परीने सांत्वन केलं.

ज्या कार्यक्रमावरून एवढं बोललात, तो रिंकचा दरवर्षीचा नाताळचा कार्यक्रम. तिच्या बाबाचे दिवस व्हायच्या आत तो आला, हे खरं. पण ती कुठल्या संगीतावर स्केट करत होती ते तुमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. केमोथेरपीच्या खुर्चीत, हाताला नळी आणि कानाला हेडफोन लावून, मांडीवर लॅपटॉप घेऊन तिच्या बाबाने तो तुकडा बेतला होता. संवादिनीवर वाजवलेली नाट्यसंगीताची धून, कापून दोन मिनिटांच्या आत बसवलेली. शेवटची गिरकी समेवर थांबली पाहिजे, हा त्याचा हट्ट. दोन-तीन मात्रा इकडेतिकडे व्हायच्या म्हणून त्याने त्या धुनीचा शेवट पुन्हा पुन्हा जुळवला. नर्स हसायच्या. दुखणं स्वादुपिंडाचं होतं, हातात वेळ किती आहे हे त्याला कळत होतं, आणि त्यातला एवढा वेळ त्याने याला दिला. तो कार्यक्रम तिने टाळला असता तर तुमचं समाधान झालं असतं. त्याचं झालं असतं का?

हळदीकुंकवात "राख गार व्हायच्या आत पोरीला नाचवलं," असं म्हणणाऱ्या ताई, तुमच्याकडे मी नाव घेऊन बोट दाखवत नाही. पण ती समेवर थांबली होती, हे तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिते.

आता खर्चाचं. विम्याचे पैसे मी बर्फावर उधळते, असं तुमच्यापैकी दोघांनी तिसऱ्याला सांगितलं आणि तिसऱ्याने मला. हा खेळ महाग आहे, नाही म्हणत नाही. बूट वेगळे, पाती वेगळी, बर्फाचे तासावर पैसे, प्रशिक्षिकेचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे. बूट मी वापरलेले घेते, पोशाख मोठ्या मुलींचे उतरलेले. विम्याच्या पैशांतून घराचे हप्ते जातात आणि धाकट्या मुलाच्या नावाने ठेव आहे. याहून जास्त हिशेब मी देणार नाही. तिच्या जागी मुलगा असता आणि आयआयटीच्या क्लासला हेच पैसे गेले असते तर तुम्ही मागितलाही नसता.

आणि सासूबाई. तुम्ही म्हणालात, म्हाताऱ्या आईला अंधारात ठेवलं. त्यांची स्मृती आधीच जायला लागली होती. मुलगा गेल्याचं मी स्वतः त्यांना सांगितलं. त्यांनी टाहो फोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं, "तो कुठाय?" पुन्हा सांगितलं, पुन्हा तोच टाहो, पहिल्यांदा ऐकल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, रोज हा घाव घालू नका. मग मी सांगायला लागले, "पोरीला रिंकवर सोडायला गेलाय." त्यावर त्या म्हणायच्या, "एवढ्या थंडीत? मफलर घेतला का?" आणि चहा घ्यायच्या. तो वर्षानुवर्षं पहाटे हेच करत आला होता, त्यामुळे त्यांना ते पटायचं. त्या पहिल्या सकाळनंतर पहाटे मुलीला प्रत्यक्ष नेत होती एक कोरियन बाई, माझ्या मुलीबरोबर शिकणाऱ्या मुलाची आई. मला धाकट्याला आणि सासूबाईंना सोडून निघता यायचं नाही, हे तिने मी न सांगता ओळखलं. तुमच्यापैकी धाकटे भाऊजी येऊन राहिले. ते मी जन्मभर विसरणार नाही. बाकीच्यांचे फोन आले, आणि त्या फोनमधून मतं आली.

सगळ्यात जास्त फोन आले ते 29 जानेवारी 2025 नंतर. विचिटाहून वॉशिंग्टनला येणारं विमान लष्करी हेलिकॉप्टरला धडकून पोटोमॅक नदीत कोसळलं. 67 माणसं गेली, त्यांतली 28 फिगर स्केटिंगच्या जगातली. राष्ट्रीय स्पर्धेनंतरच्या शिबिरातून परतणारी मुलं, त्यांचे आईवडील, शिकवणारे. बोस्टनच्या स्केटिंग क्लबमधले सहा जण त्यात होते: दोन मुलं, त्या दोघांच्या आया आणि 1994 चे विश्वविजेते एवगेनिया शिश्कोव्हा आणि वादिम नाउमोव. माझी मुलगी त्या क्लबची नाही. पण या भागातल्या प्रत्येक रिंकवर त्या आठवड्यात मोठी माणसं भिंतीला टेकून उभी होती. 1961 मध्ये ब्रसेल्सजवळच्या अपघातात अमेरिकेचा अख्खा संघ गेला होता, त्यातही याच क्लबची माणसं होती. जुन्या लोकांना ती जखम पुन्हा उघडल्यासारखं झालं.

आणि तुम्ही फोन करून मला म्हणालात, "बघ, आता तरी बंद कर. हे अशुभच आहे."

त्या रिंकांवर काय झालं ते ऐका. मुलं बर्फावर परत आली. कुणी आणलं नाही, आपणहून आली. नाउमोव दांपत्याचा मुलगा मॅक्सिम महिन्याभराने, 2 मार्चला, वॉशिंग्टनच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात आईवडिलांसाठी स्केट करायला उतरला. आई आणि बाप दोघं एका दिवशी गेलेला पोरगा. भरलेल्या सभागृहात एकाच्याही मनात आलं नाही की याला दुःख नसेल. 2026 च्या जानेवारीत तो राष्ट्रीय स्पर्धेत तिसरा आला, ऑलिंपिक संघात गेला, आणि गुणांची वाट पाहत बसला तेव्हा त्याच्या हातात आईवडिलांबरोबरचा लहानपणीचा फोटो होता. 2010 मध्ये व्हँकुव्हरला कॅनडाच्या जोआनी रोशेटची आई लेकीची स्पर्धा बघायला आली आणि हृदयविकाराने गेली. दोन दिवसांनी जोआनी बर्फावर उतरली आणि त्या आठवड्यात कांस्यपदक घेऊन गेली. माझ्या मुलीला ही दोन्ही नावं पाठ आहेत. तिने ती स्वतः शोधून काढली, पुण्याहून परतल्यावर, आपलं काही चुकलं की नाही याचा दाखला शोधताना. तो दाखला तिला आपल्याच माणसांकडून मिळायला हवा होता. सचिन तुमच्या तोंडी होता, भाऊजींचा पेपर तुमच्या घरात होता.

तिने आता पुन्हा सुरुवात केली आहे. मी सांगितलं म्हणून नाही.

तुमच्याकडून मला सांत्वन नको, माफीचाही आग्रह नाही. एक मागणं आहे. तिच्याशी बोलायचं असेल तर तिच्या बाबाबद्दल बोला. तो कृष्णेत पोहायला कसा शिकला, कुणाच्या झाडाचे आंबे पाडले, शाळेत मार कशाबद्दल खाल्ला, हे तुम्हाला माहीत आहे, मला नाही. सासूबाई आता सांगू शकत नाहीत. ती मुलगी यासाठी भुकेली आहे आणि तुम्ही तिला हजेरीपट दाखवता आहात, कोण कधी किती रडलं त्याचा. माझ्याविषयी जे काही म्हणायचं असेल ते मला म्हणा, माझा फोन तोच आहे. तिच्या कानावर यातलं एक अक्षर पुन्हा पडलं तर पुढच्या श्राद्धाला मी मुलांना घेऊन येणार नाही. ते मी माझ्या घरी करेन.

आत्या, तुमच्यावर तिचा फार जीव होता, म्हणून तुम्हाला वेगळं लिहिते. तिला फोन तुम्ही करायचा आहे. ती करणार नाही, आणि मी तिला कर म्हणणार नाही.

तुमची,
त्याची बायको, तिची आई