ट्रॉली स्वस्त झाली, पण मजबूत आहे का? मोबाईल आणि टेप घेऊन असं तपासा

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हे तुम्ही ऐकलं असेलच. त्याच यादीत आणखी एक ओळ होती, तिची चर्चा कमी झाली: स्वतः माल भरणारे किंवा ओतणारे शेतीचे ट्रेलर. म्हणजे हायड्रॉलिकवर उचलणारी आपली टिपिंग ट्रॉली. कराआधी तिची किंमत दोन लाख असेल, तर आधी २४ हजार कर लागायचा, आता १० हजार लागतो. म्हणजे १४ हजार वाचतात. साधी, न उचलणारी ट्रॉली घेत असाल तर मात्र हा दर गृहीत धरू नका. बिलावरचा एचएसएन कोड आणि कराची टक्केवारी दोन्ही वाचा.

आता प्रश्न असा, की हे १४ हजार जातात कुठे? ट्रॉलीच्या रील बघितल्या तर उत्तर दिसतं: चकचकीत रंग, नक्षी, नावाचं रेडियम, रंगीत लाईट. माझं म्हणणं सरळ आहे. हे पैसे लोखंडात आणि ब्रेकमध्ये गेले पाहिजेत. आणि ते गेले की नाही, हे रील बघून कळत नाही. पत्रा तीन एमएमचा आहे की दोनचा, हे व्हिडिओत दिसतच नाही.

आमच्या आटगावकडे हा प्रश्न मोठा आहे. एका बाजूला कसारा लाईनचं स्टेशन, दुसऱ्या बाजूला मुंबई–नाशिक महामार्ग. भातकापणीत ट्रॉलीत भात आणि पेंढा असतो, आणि भाताचा हंगाम संपला की त्याच ट्रॉलीत विटा, खडी, रेती. कागदावर शेतीची असलेली ट्रॉली प्रत्यक्षात वर्षभर बांधकामाचा माल ओढते. त्यात पावसाचे चार महिने. जिथे वेल्डिंग कच्चं, तिथे पाणी शिरतं आणि रंगाखाली गंज धरतो.

१. आधी वजन, मग रंग

लोखंडाचं एक गणित लक्षात ठेवा. एक चौरस मीटर पत्रा एक एमएम जाड असेल तर त्याचं वजन साधारण ७.८५ किलो. १० फूट बाय ६ फूट ट्रॉली आणि २ फुटांचे फाळके धरले, तर तळ आणि चारही बाजू मिळून १२४ चौरस फूट, म्हणजे सुमारे ११.५ चौरस मीटर पत्रा लागतो. म्हणजे जाडीत एक एमएम कमी केला की जवळपास ९० किलो लोखंड गायब!

हे वजनकाट्यावर पकडता येतं. ट्रॅक्टर आणि रिकामी ट्रॉली एकत्र तोला, मग ट्रॅक्टर एकटा तोला आणि वजाबाकी करा. दोन्ही पावत्यांचे फोटो ठेवा. त्याच मापाच्या दोन वर्कशॉपच्या ट्रॉलींमध्ये शंभर-दीडशे किलोचा फरक आला, तर तो फरक कुठे आहे ते विचारा.

कुणी जाडी 'गेज'मध्ये सांगितली तर सावध राहा. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो. १० गेज म्हणजे सुमारे सव्वातीन एमएम, १४ गेज म्हणजे जेमतेम दोन. त्यामुळे एमएममध्येच विचारा आणि फाळक्याच्या कडेला व्हर्नियर लावून मोजा.

२. सांगाडा आणि वेल्डिंग

खाली वाकून टॉर्च लावा. सांगाड्याचा सी-चॅनल कारखान्यातून रोल होऊन आलेला आहे की पत्रा वाकवून बनवलेला, ते बघा. वाकवलेल्याची जाडी सगळीकडे सारखी आणि कोपरे बाहेरून गोल असतात. रोल केलेल्याच्या दोन्ही पट्ट्या मुळाशी जाड असतात. वाकवलेला चॅनल वाईटच असतो असं नाही, पण पैसे रोलचे आणि माल वाकवलेला, असं नको.

वेल्डिंगचे जवळून फोटो काढा आणि झूम करा. रेघ सलग हवी. मध्ये मध्ये नुसते टाके, बारीक छिद्रं, किंवा वेल्डिंगच्या कडेला खाचा दिसल्या तर तडा तिथूनच जातो. सगळ्यात जास्त लक्ष ड्रॉबारवर द्या, कारण सगळी ओढ आणि सगळे धक्के तिथून जातात. ऑर्डर देतानाच ठरवा: रंगाआधी, प्रायमरवर असताना ट्रॉली बघायला येणार. लांबी आणि रंगाने बरंच काही झाकता येतं.

३. सरळ आहे का?

टेप घ्या. तळाचे दोन्ही कर्ण मोजा, सारखे यायला हवेत. दोन चाकी ट्रॉली असेल तर हुकाच्या पिनपासून एक्सलच्या डाव्या आणि उजव्या टोकाचं अंतर मोजा. फरक असेल तर ट्रॉली तिरकी चालणार आणि टायर झिजणार.

मग जॅकवर चाक उचला, खाली ठोकळा लावा आणि चाक फिरवून स्लो-मोशन व्हिडिओ घ्या. डगमग लगेच दिसते. वरून-खालून धरून हलवा. खडखड झाली तर बेअरिंगमध्ये ढिलाई आहे.

टायरवर डीओटीच्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात. ३५२४ म्हणजे २०२४ सालचा ३५ वा आठवडा. नव्या ट्रॉलीला जुना टायर लावला असेल तर तो इथे सापडतो.

४. उचलणं आणि थांबणं

थोडा माल भरून ट्रॉली अर्धी उचला, इंजिन बंद करा, फोटो काढा. दहा मिनिटांनी त्याच जागेवरून परत काढा. ट्रॉली खाली सरकली असेल तर सिलिंडरचं सील बघा. दोष ट्रॅक्टरच्या व्हॉल्व्हमध्येही असू शकतो, म्हणून दुसऱ्या ट्रॅक्टरवर परत तपासा. उचललेल्या ट्रॉलीखाली टेकू न लावता कुणीही जायचं नाही. फोटोसाठी तर नाहीच.

आणि ब्रेक? उतारावर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला मागून ढकलते. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसेल, तर तेवढं वजन थांबवायचं काम एकट्या ट्रॅक्टरच्या चाकांवर येतं आणि ट्रॉली आडवी फिरू शकते. घाटरस्ता जवळ असलेल्या आपल्या भागात ब्रेक आणि मागचे रिफ्लेक्टर हे पहिले खर्च, लाईटची माळ शेवटचा.

सर्टिफिकेट पुरेसं नाही का?

सर्टिफिकेट हवंच. शेती ट्रेलरसाठी आयएस ८२१३ हे भारतीय मानक आहे, आणि मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची शेती यंत्रांची चाचणी करणारी संस्था आहे. अनुदान घ्यायचं असेल तर मॉडेलचा चाचणी अहवाल मागून घ्या. पण अहवाल मिळतो तो तपासलेल्या नमुन्याला. तुमच्या अंगणात येणारी ट्रॉली दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या वेल्डरने जोडलेली असते. म्हणून कागद आणि टेप दोन्ही लागतात.

४ एप्रिल २०२५ ला नांदेड जिल्ह्यात आलेगावजवळ मजुरांना नेणारी ट्रॉली विहिरीत कोसळली आणि सात महिला शेतमजुरांचा जीव गेला. त्या अपघाताचा बांधणीशी संबंध मी जोडत नाही. पण ट्रॉलीत माणसं बसतात, हे वास्तव त्यातून दिसतं. ट्रॉली माणसांसाठी नाही आणि तिच्यातून माणसं नेणं बेकायदा आहे. तरी लावणीच्या दिवसात काय चालतं, ते आपण सगळे बघतो. मग निदान ड्रॉबारचं वेल्डिंग तरी नीट बघायला नको का?

ऑर्डर देण्याआधी वर्कशॉपवाल्याला व्हॉट्सॲपवर एवढंच पाठवा: "दादा, तळ आणि फाळक्यांचा पत्रा किती एमएम, चॅनल कोणत्या मापाचा, एक्सल आणि टायर कोणते, ब्रेक आहे का, आणि रिकाम्या ट्रॉलीचं वजन किती, हे कोटेशनवर लिहून द्या." चांगला कारागीर हे आनंदाने लिहून देतो. जो फक्त "एकदम हेवी आहे, टेन्शन नको" म्हणतो, त्याला सांगा, काट्यावर भेटू.